फळी ‘सुकली’ म्हणजे नक्की काय झालं? हवेत वाळवलेलं लाकूड आणि भट्टीतलं लाकूड

(या आठवड्याच्या भागाचं लिखित रूप. बोलतानाचे ‘अं’, ‘म्हणजे’ आणि मागे वाजलेल्या कुकरच्या दोन शिट्ट्या काढल्यात. बाकी मजकूर तसाच आहे.)

आज विषय लाकडाचा. स्क्रोल करून पुढे जाऊ नका, कारण हा विषय तुमच्या घरात रोज घडतोय. जुलैमध्ये बेडरूमचा दरवाजा अडकतो ना? खांदा लावून ढकलावा लागतो. मग कुणीतरी सुताराला बोलावतं, तो रंधा मारून देतो, दरवाजा झकास लागतो. आणि एप्रिल आला की त्याच दरवाजाच्या कडेला एवढी फट पडते की पलीकडच्या खोलीतला टीव्ही दिसतो. दोष सुताराचा नाही, दरवाजाचाही नाही. लाकूड पाणी पितं आणि सोडतं, एवढीच गोष्ट आहे. पण ही एवढीशी गोष्ट नीट कळली नाही तर लाखाचं फर्निचर फाटतं.

हा भाग करायचं कारण म्हणजे आपल्या एका श्रोत्या मैत्रिणीचा व्हॉइस मेसेज. दापोलीच्या बाजूची आहे, नोकरीला पुण्यात. तिच्या गावच्या घरामागचा फणस जूनच्या वाऱ्यात आडवा झाला. आजोबांच्या वेळचा फणस. खोड एवढं की एका माणसाच्या कवेत मावत नाही. घरच्यांनी ठरवलंय की जळणाला द्यायचा नाही, त्याचा पडवीत झोपाळा करायचा आणि हिच्या पुण्याच्या फ्लॅटसाठी एक पलंग. आता गावचे सुतारकाका म्हणतात, “चिरून घे आणि वर्षभर पडवीत रचून ठेव.” पुण्यातला एक ओळखीचा मुलगा, ज्याचं छोटं वर्कशॉप आहे, तो म्हणतो, “वर्ष कशाला घालवतेस? भट्टीत टाक, पंधरा दिवसांत मोकळी.” तिचा प्रश्न: खरं कोणाचं? चुकलं तर दुसरा फणस कुठून आणणार?

थोडक्यात उत्तर असं की दोघंही अर्धे बरोबर आहेत. उरलेलं अर्धं समजायला आधी लाकडातलं पाणी समजून घ्यावं लागेल.

ओली जीन्स

जीन्स धुतलीत आणि तशीच दोरीवर टाकलीत. आधी पाणी टपटप गळतं. थोड्या वेळाने गळणं थांबतं, पण म्हणून जीन्स वाळली का? हात लावला तर ओलीच लागते. लाकडाचं अगदी असंच आहे. झाडाचं खोड म्हणजे बारीक बारीक नळ्यांचा जुडगा समजा. एक पाणी असतं नळीच्या पोकळीत, मोकळं. दुसरं असतं नळीच्या भिंतीत मुरलेलं. मोकळं पाणी आधी जातं, आणि ते जाताना लाकूड हलकं होतं, पण आकाराने जवळजवळ तेवढंच राहतं. मग एक टप्पा येतो, बहुतेक लाकडांत साधारण २५ ते ३० टक्के ओलाव्याला, जिथे पोकळ्या रिकाम्या झालेल्या असतात आणि भिंती अजून पूर्ण भिजलेल्या असतात. इथून पुढे भिंतींतलं पाणी निघायला लागतं. भिंत बारीक होते, लाकूड आक्रसतं, आणि सगळी नाटकं इथूनच सुरू होतात.

ही टक्केवारी कशी मोजतात तेही सांगतो, कारण इथे बरेच जण गोंधळतात. ओलाव्याचं वजन भागिले पूर्ण सुक्या लाकडाचं वजन. ओल्या लाकडाचं नव्हे, सुक्या. त्यामुळे ताज्या लाकडाचा ओलावा १०० टक्क्यांच्या वरही जाऊ शकतो, म्हणजे लाकडापेक्षा पाणी जास्त. उदाहरण घ्या: आठ फूट लांब, फूटभर रुंद, दोन इंच जाड सागाची फळी. पूर्ण सुकी असेल तर ती साधारण २० किलोची. ओलावा ८० टक्के असेल तर तीच फळी ३६ किलोची होते. १२ टक्क्यांवर आणली तर २२ किलो ४०० ग्रॅम. म्हणजे एका फळीतून साडेतेरा लिटर पाणी बाहेर काढायचंय, आणि तेही तिला न फाडता. पाण्याच्या वीस लिटरच्या जारचा दोन तृतीयांश भाग झाला हा!

म्हणून जुन्या काळी ब्रह्मदेशात सागाची झाडं तोडायच्या दोन-तीन वर्षं आधी बुंध्याभोवती गोल खाच मारून ठेवायचे. झाड उभ्या उभ्या मरायचं आणि जागच्या जागी सुकायचं. कारण काय, तर ताज्या सागाचा ओंडका पाण्यात बुडतो, आणि यांना तो इरावतीतून तरंगत खाली आणायचा असायचा.

कोरडं म्हणजे किती कोरडं?

लाकूड पूर्ण कोरडं कधीच राहत नाही. भोवतालच्या हवेशी त्याचा सतत हिशेब चालू असतो. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या आसपास असेल तर लाकूड साधारण १२ टक्क्यांवर स्थिरावतं. ८० टक्के असेल तर १६ वर. ३० टक्के असेल तर ६ वर. हे आकडे लक्षात ठेवा, फार कामाचे आहेत.

आता आपला नकाशा डोळ्यांसमोर आणा. जुलैतली मुंबई, आर्द्रता ८० च्या वर. मे महिन्यातल्या नागपूरची दुपार, आर्द्रता २०-२५ च्या घरात. एकाच राज्यात लाकडासाठी दोन वेगळे ग्रह. मुंबईत पावसाळ्यात बनवलेलं टेबल नागपूरला बहिणीच्या लग्नात भेट दिलंत, तर पुढच्या उन्हाळ्यात तिचा फोन येणार. ‘टेबलाला तडा गेलाय.’ म्हणूनच भारतीय मानकांमध्ये, आयएस २८७ मध्ये, हवामानानुसार देशाचे चार विभाग पाडलेत आणि प्रत्येक विभागात कोणत्या कामासाठी लाकडात जास्तीत जास्त किती ओलावा चालेल ते दिलंय. ‘सीझन केलेलं लाकूड’ असं नुसतं म्हणण्याला फारसा अर्थ नाही. कुठल्या गावासाठी सीझन केलंय, ते विचारा.

आणि लाकूड सगळीकडून सारखं आक्रसत नाही. लांबीत तर जवळजवळ नाहीच. खोडाच्या मध्यापासून सालीकडे, म्हणजे त्रिज्येच्या दिशेने, थोडं आक्रसतं. वर्तुळांच्या कडेकडेने मात्र त्याच्या साधारण दुप्पट. साग घ्या: ओल्यापासून पूर्ण सुकेपर्यंत त्रिज्येच्या दिशेने सुमारे अडीच टक्के, वर्तुळाच्या दिशेने ५.८ टक्के. अमेरिकेतला व्हाइट ओक घेतलात तर तोच आकडा साडेदहा. आजी ‘सागच घे’ म्हणायची त्यामागे हेही एक कारण आहे, साग कमी हलतो.

या दुप्पट-निम्म्या भानगडीमुळेच इन्स्टावर दिसणारे ते झाडाचे गोल काप, ज्यांचं घड्याळ नाहीतर केक स्टँड करतात, ते हमखास फाटतात. घेर जास्त आक्रसायला बघतो, त्रिज्या तेवढी आक्रसत नाही. मग घेर कुठेतरी तुटणारच. मध्यापासून कडेपर्यंत पिझ्झाच्या तुकड्यासारखी भेग पडते. भट्टीत सुकवा, सावलीत सुकवा, फार फरक पडत नाही.

दुप्पटचं गणित टेबलावर लावून बघू. तीन फूट रुंद, म्हणजे ९०० मिलिमीटरचा सागाचा टॉप, साध्या आडव्या चिरलेल्या फळ्यांचा. पुण्यात उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत घरातल्या लाकडाचा ओलावा समजा ८ वरून १४ वर गेला. दर टक्क्याला साधारण ०.१९ टक्के रुंदी बदलते. सहा टक्क्यांना झाले १० मिलिमीटर. सुताराच्या भाषेत तीन सूत. एवढा टॉप दरवर्षी फुगणार आणि आक्रसणार. तुम्ही तो खाली स्क्रूंनी चारी बाजूंनी आवळून टाकलात, तर तो तुमचं ऐकणार नाही.

हवेत वाळवणं: पापड आणि साठं

आता सुतारकाकांची पद्धत. चिरलेल्या फळ्या रचायच्या आणि वाऱ्यावर सोडायच्या. ऐकायला सोपं. पण उन्हात टाकलेला पापड बघितलाय ना? कडा वर उचलल्या जातात, वाटीसारखा होतो. कारण एक बाजू आधी सुकली. फळीचंही तेच होतं. त्यामुळे पहिला नियम: ऊन नको, वारा हवा. छप्पर वर, बाजू मोकळ्या. कोकणातली पडवी किंवा देशावरचा गोठ्याचा मांडव यासाठी उत्तम. गच्चीवर निळी ताडपत्री गुंडाळून ठेवणं सगळ्यात वाईट, कारण आत वाफ कोंडते आणि बुरशीची पार्टी होते.

रचायचं कसं? जमिनीपासून दीड फूट वर. खाली सिमेंटचे ठोकळे किंवा जाड वासे, आणि ते एका पातळीत, कारण खालचा पाया वाकडा असेल तर फळ्या त्याच वाकड्या आकारात सुकून बसतील. प्रत्येक दोन थरांच्या मध्ये आडव्या लाकडी पट्ट्या, पाऊण ते एक इंच जाड, सगळ्या एकाच जाडीच्या आणि सुक्या. दर दीड-दोन फुटांवर एक पट्टी, आणि वरच्या थराची पट्टी बरोबर खालच्या थराच्या पट्टीवर. इथे लोक आळस करतात. पट्ट्या पुढेमागे झाल्या की फळी मध्ये झोळी होऊन सुकते. सगळ्यात वर वजन ठेवायचं: दगड, जुने चिरे, काहीही. वरच्या थरातल्या फळ्यांना पीळ पडण्याची शक्यता जास्त, म्हणून तिथे कमी महत्त्वाच्या फळ्या टाकायच्या.

आणि फळीची टोकं! लांबीच्या दिशेने पाणी आडव्या दिशेपेक्षा कितीतरी पट वेगाने बाहेर पडतं, कारण नळ्यांची तोंडंच तिथे उघडी असतात. टोक आधी सुकतं, आक्रसतं, आणि पाठीमागचा ओला भाग त्याला सोडत नाही, म्हणून टोकाला चिरा पडतात. उपाय स्वस्त आहे. झाड कापल्या कापल्या टोकांना मेण किंवा जाड ऑइल पेंटचे दोन हात. चार दिवसांनी नव्हे, त्याच दिवशी. एकदा पडलेली चीर पेंट लावून मिटत नाही.

किती वेळ लागतो? ‘एक इंचाला एक वर्ष’ हा ठोकताळा सगळीकडे ऐकायला मिळतो. थंड देशांत आणि जाड, हट्टी लाकडांत तो ठीक आहे. आपल्याकडे ऑक्टोबर ते मे एवढ्या काळात इंचभर जाडीच्या बऱ्याच फळ्या हवेशी जुळवून घेतात. पण जाडी दुप्पट झाली तर वेळ दुप्पट नाही होत, तिप्पट-चौपट होतो. इंचाची फळी सहा महिन्यांत तयार झाली म्हणून झोपाळ्याची दोन इंची फळी वर्षात होईल असं धरून चालू नका.

हवेत वाळवण्याची खरी मर्यादा वेगळीच आहे. कितीही थांबा, लाकूड त्या जागच्या हवेपेक्षा कोरडं होत नाही. कोकणात कोरड्या महिन्यांत ते १२ ते १५ टक्क्यांच्या आसपास येऊन थबकेल. दहा वर्षं ठेवलंत तरी पडवीत ते ८ वर जाणार नाही, आणि येत्या पावसाळ्यात उलट वर चढेल. “आमच्याकडे वीस वर्षं मुरलेलं लाकूड आहे” हे वाक्य ऐकायला भारी वाटतं, पण शेवटची अठरा वर्षं त्या लाकडाने फक्त ऋतूंप्रमाणे श्वास घेतलाय.

दुसरी अडचण कीड. फळीचा बाहेरचा पांढरट भाग पिठूळ असतो, आणि काही भुंगे त्यातल्या स्टार्चवर जगतात. नंतर फर्निचरखाली टाल्कम पावडरसारखं बारीक पीठ पडलेलं दिसतं ना, तेच ते. हवेत वाळवून अंडी मरत नाहीत. जुन्या लोकांनी यावर शोधलेला उपाय म्हणजे ओंडका काही महिने तळ्यात पूर्ण बुडवून ठेवणं. स्टार्च बराचसा धुऊन निघतो. आज बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं द्रावण वापरतात, आणि ते ओल्या फळीवर जास्त चांगलं काम करतं कारण पाण्याबरोबर आत झिरपतं. हातमोजे घाला, पोरांना आणि गुरांना लांब ठेवा.

भट्टीत नक्की काय चालतं

‘भट्टी’ म्हटलं की वीटभट्टी डोळ्यांसमोर येते. वखारवाले याला सीझनिंग प्लांट म्हणतात. एक मोठी बंद खोली, आत त्याच पद्धतीने पट्ट्या घालून रचलेल्या फळ्या (हो, पट्ट्या इथेही), गरम करणाऱ्या नळ्या, मोठे पंखे, ओली हवा बाहेर सोडायच्या खिडक्या, आणि वाफ आत सोडायची सोय.

वाफ? सुकवायच्या खोलीत वाफ कशाला?

हीच तर खरी गंमत. भट्टीचं काम नुसतं तापवणं नाही, सुकण्याचा वेग आवरणं आहे. आंब्याचं साठं कसं घालतात आठवा. पातळ थर, वाळला की वर दुसरा थर. एकदम जाड ओतलं तर वरती साय धरते आणि आत ओलंच राहतं. लाकडालाही अशी साय धरते. बाहेरचा थर झटकन सुकला तर त्याला आक्रसायचं असतं, पण आतला ओला गाभा त्याला आक्रसू देत नाही. मग एक तर वर चिरा पडतात, किंवा बाहेरचा थर ताणलेल्या अवस्थेतच घट्ट होऊन बसतो. काही दिवसांनी आतलं सुकायला लागतं, त्याला आक्रसायचं असतं, आणि आता बाहेरचं कवच सोडत नाही. आत भेगा पडतात, मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या. बाहेरून फळी एकदम सुंदर. चिरलीत की आतून फाटलेली.

म्हणून सुरुवातीला तापमान कमी, चाळीस-पंचेचाळीस अंशांच्या आसपास, आणि खोलीत आर्द्रता मुद्दाम भरपूर. लाकूड जसं सुकत जाईल तसं तापमान थोडं थोडं वर, आर्द्रता थोडी थोडी खाली. प्रत्येक जातीच्या लाकडाचं आणि जाडीचं वेगळं वेळापत्रक. आपल्याकडे आयएस ११४१ या मानकात लाकडांची विभागणीच ‘किती हट्टी’ या निकषावर केलेली आहे: काही सुकताना फार फाटणारी, काही मध्यम, काही गरीब स्वभावाची. शेवटी पुन्हा वाफ सोडून लाकडातला ताण उतरवतात. घाईत असलेला भट्टीवाला हा शेवटचा टप्पा गाळतो, कारण त्यात वेळ आणि इंधन जातं, आणि गाळलेलं वरून कोणाला दिसत नाही.

तुम्हाला मात्र बघता येतं. फळीच्या टोकापासून फूटभर आत एक इंचभर पट्टी आडवी कापा आणि तिला करवतीने दोन दातांच्या काट्यासारखा आकार द्या. दात सरळ राहिले तर छान. दात एकमेकांकडे आत झुकले तर फळीत ताण आहे, ती चिरताना करवत पकडेल आणि पातळ केलीत की वाकेल. विकत घेण्याआधी एका फळीवर हा प्रयोग करू द्यायला चांगला वखारवाला नाही म्हणत नाही.

भट्टीचे फायदे खरे आहेत. महिन्यांऐवजी आठवडे, ८-१० टक्क्यांपर्यंत खाली जाता येतं, आणि उष्णतेने कीड अंड्यांसकट मरते. रबराच्या झाडाचं लाकूड बघा. त्याला कीड आणि निळी बुरशी इतक्या पटकन लागते की चिरल्यावर लगेच बोरॉन आणि भट्टी केल्याशिवाय ते फर्निचरला चालतच नाही. केरळातला तो सगळा उद्योग यावर उभा आहे.

पण ‘किल्न ड्राइड’ हा शिक्का म्हणजे आयुष्यभराची गॅरंटी नाही. हे मला फार ठासून सांगायचंय. ८ टक्क्यांवर आणलेली फळी ऑगस्टमध्ये चिपळूणच्या उघड्या शेडमध्ये महिनाभर पडून राहिली, तर ती परत पाणी पिणार. पिशवीतून काढून उघड्यावर ठेवलेला कुरकुरीत चिवडा जसा सादळतो तशी ती सादळते. तुम्ही पैसे भट्टीचे देता आणि घरी आणता सादळलेलं लाकूड. याउलट ‘भट्टीने लाकूड मरतं’ हेही मला पटत नाही. नीट चालवलेल्या भट्टीतलं लाकूड टेबल-कपाटाला तितकंच चांगलं. एक अपवाद आहे: वाफेवर वाकवून खुर्चीची पाठ वगैरे करायची असेल तर हवेत वाळवलेलं लाकूड खरंच जास्त छान वाकतं.

मधला मार्गही आहे, सौर भट्टी. काचेची किंवा प्लास्टिकची छोटी खोली, आत काळा रंगवलेला पत्रा, एक-दोन पंखे. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेने अशा भट्ट्यांवर बरंच काम केलंय. हिचा मला आवडणारा गुण म्हणजे रात्र. दिवसा तापते, रात्री थंड होते, आतली आर्द्रता वाढते आणि फळीला विश्रांती मिळते. सायीचा ताण रोज रात्री थोडा उतरतो. वीज फक्त पंख्यापुरती. छोट्या वर्कशॉपवाल्या पोरांनी दोघातिघांत मिळून करण्यासारखी गोष्ट आहे. पावसाळ्यात मात्र तिला सुट्टी.

मग फणसाचं काय?

मेसेज सप्टेंबरात आला, झाड जूनपासून पडून आहे. म्हणजे आधीच तीन महिने गेलेत. मी तिला जे सांगितलं ते असं.

आजच्या आज दोन्ही टोकांना पेंट. ओंडका जमिनीवरून उचलून दोन वाशांवर. गावात चौकशी करून वन खात्याचा वाहतुकीचा पास लागतो का ते बघ, नाहीतर ट्रक रस्त्यात अडकेल. मग पाऊस सरला की लगेच चिरून घे, अख्खा ओंडका पुढच्या वर्षासाठी ठेवू नकोस. ओंडका आतून सुकत नाही, नुसता बाहेरून फाटतो. चिरताना मधली नाळ, म्हणजे खोडाचा अगदी केंद्रबिंदू, कुठल्याही चांगल्या फळीत येऊ देऊ नकोस. ती असेल ती फळी फाटणारच. जाडी सव्वा पट धर: एक इंच हवी असेल तर सव्वा इंच चिर, कारण आक्रसण्यात आणि रंधा मारण्यात पाव इंच जातो. फणसाचा पिवळा गाभा टिकाऊ आहे, दक्षिणेत मृदंगाचं खोड यातूनच कोरतात. पण कडेचा पांढरा भाग किडीचं जेवण आहे, तो काढून टाक किंवा बोरॅक्स लाव.

झोपाळा पडवीतच राहणार आहे. मग त्याच्या फळ्या पडवीतच वाळू देत. काका शंभर टक्के बरोबर. ज्या हवेत जगायचंय त्याच हवेत वाळलेलं लाकूड, याहून चांगलं काय? भट्टीत ८ वर नेलीस तर पडवीत टांगल्यावर उलट फुगेल. फक्त दोन इंची फळीला पुढच्या दिवाळीपर्यंत, कदाचित त्याहूनही जास्त वेळ दे.

पलंग पुण्याला जाणार. तिथला उन्हाळा कोरडा, त्यात तिच्या खोलीत एसी. म्हणून पलंगाच्या इंची फळ्या मे अखेरपर्यंत गावी वाळव, २० टक्क्यांच्या खाली येऊ देत. मग जूनच्या पावसाआधी पुण्याला हलव आणि तिथे भट्टीत शेवटचे काही दिवस. निम्म्याहून जास्त पाणी फुकट गेलेलं असतं, त्यामुळे भट्टीचा खर्चही कमी आणि फाटण्याचा धोकाही कमी, कारण धोक्याचा मोठा भाग सुरुवातीच्या ओल्या अवस्थेतच असतो. भट्टीवाला एवढ्या थोड्या मालाला नाही म्हणाला, तर फळ्या पट्ट्या घालून पलंगाच्या खोलीतच रचून ठेव. आई ओरडेल, पण चालतं.

आता ‘२० च्या खाली’ हे कळणार कसं? दोन टोचण्यांचं मॉइश्चर मीटर ऑनलाइन मिळतं. पण ते टोचण्यांपुरतंच, म्हणजे वरचंच सांगतं. फळी मध्ये कापून ताज्या कापावर टोचलं तर आतलं कळतं. मीटर नको असेल तर वजन. विमानाच्या बॅगा मोजायचा तो हुकवाला काटा घ्या, एक फळी ठरवून ठेवा, दर रविवारी टांगा आणि त्याच फळीवर पेन्सिलीने वजन लिहा. लागोपाठ तीन रविवार आकडा हलला नाही म्हणजे फळीने त्या हवेशी तह केलाय. अचूक आकडा हवा असेल तर छोटा तुकडा कापा, वजन करा, ओव्हनमध्ये १०३ अंशांच्या आसपास वजन घटायचं थांबेपर्यंत ठेवा. समजा ८६ ग्रॅमचा तुकडा ७४ वर थांबला. १२ भागिले ७४, म्हणजे १६ टक्के. मायक्रोवेव्ह नको, तुकडा आतून जळतो.

आणि एवढं सगळं करूनही लाकूड हलणारच. पॉलिशने ते थांबत नाही, मंदावतं. म्हणून पॉलिश दोन्ही बाजूंना सारखं लावायचं, खालची बाजू दिसत नाही म्हणून कोरडी सोडायची नाही. टेबलाचा टॉप स्क्रूने बसवताना भोकं लांबट करायची, म्हणजे स्क्रूला सरकायला जागा मिळते. जुन्या वाड्यांच्या दारांत बघा: चौकटीच्या खाचेत पॅनल नुसतं अडकवलेलं असतं, डिंक-सरस काही नाही. ते पॅनल खाचेच्या आत मोकळं सरकत राहतं, बाहेरून कोणाला पत्ता लागत नाही. पलंगाच्या डोक्याकडच्या भागाला मी तिला हेच करायला सांगितलंय.

जाता जाता पॅलेटवाल्यांसाठी. पॅलेटचं फर्निचर करणाऱ्यांचे बरेच मेसेज येतात. त्या लाकडावर गव्हाच्या ओंबीसारखं चिन्ह आणि इंग्रजीत ‘एच टी’ असा शिक्का असतो. बरेच जण समजतात, म्हणजे भट्टीत सुकवलेलं. नाही. त्याचा अर्थ फक्त एवढाच की कीड मारण्यासाठी लाकडाचा गाभा ५६ अंशांवर किमान ३० मिनिटं ठेवला होता. अर्ध्या तासात लाकूड सुकत नसतं. टेबल करायच्या आधी मीटर टोचा किंवा वजन घ्या. आणि शिक्का ‘एम बी’ असेल तर ते लाकूड मिथाइल ब्रोमाइडच्या धुरीचं आहे, घरात आणू नका.

पुढच्या भागात प्लायवूड: ते का हलत नाही, आणि ‘मरीन’ लिहिलेलं प्रत्येक प्लाय खरंच मरीन असतं का. तुमच्या रचलेल्या फळ्यांचे फोटो पाठवा, पट्ट्या एका रेषेत आहेत का ते बघून सांगतो.